मेंदूतल्या शिट्ट्या



अंगावरून वारं गेलं, असं आपण म्हणतो. काल धुणं धुणारी, भाकऱ्या थापणारी बाई आज पहाटे उठूच शकत नाही. तोंड वाकडं, हात लुळा, आणि कधी कधी वाचाही गेलेली. मग खाटेभोवती माणसं जमतात आणि तिच्यासमोरच बोलू लागतात, "हिला आता काही कळत नाही." काहींच्या बाबतीत ते खरं असतं, समज देणारा मेंदूचा भागच निकामी झालेला असतो. पण काही जणींना सगळं कळत असतं. कोण आलं, कोण रडलं, जमिनीचा विषय कुणी काढला, सगळं. अडचण एवढीच, की आपल्याला कळतंय हे सांगणार कसं? जीभ हलव असा हुकूम मेंदूतून निघतो, पण वाटेतच अडतो.

आजचं बोलणं त्या अडलेल्या हुकमाबद्दल आहे. डोक्यात चिप बसवलेला माणूस हात न लावता कॉम्प्युटर चालवतो, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरताहेत. ते पाहून बऱ्याच गटांतून आमच्याकडे दोन प्रश्न आले. हे खरं आहे का? आणि खरं असेल, तर आपल्या मनातलं सगळंच वाचता येईल का? दुसरा प्रश्न विचारताना पुष्कळ जणी हसल्या. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या पुण्यात एका खटल्यात असल्याच एका चाचणीचा अहवाल कोर्टापुढे आला आणि एका तरुण बाईला जन्मठेप झाली. तिथवर आपण जाऊच, पण आधी मेंदूतला हुकूम म्हणजे काय ते पाहू. ते कळल्याशिवाय खरं-खोटं करता यायचं नाही.

गोष्ट बेडकापासून सुरू होते. इटलीत बोलोन्या नावाच्या शहरात लुइजी गॅल्वानी नावाचा वैद्यकीचा शिक्षक होता. मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श झाला की पाय उडतो, हे त्यानं पाहिलं आणि १७९१ साली छापून प्रसिद्ध केलं. शरीरातले निरोप विजेसारखे काहीतरी असतात, ही समजूत तिथून रुजली. त्याची बायको लुचिया या प्रयोगांत त्याच्याबरोबर काम करायची. शोध मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर आहे.

मग १८५० साली जर्मनीच्या हर्मन हेल्महोल्ट्झनं या निरोपाचा वेग मोजला. त्याच्याही प्रयोगात बायको, ओल्गा, मदतीला होती. बेडकाच्या नसेतून निरोप सेकंदाला सुमारे २७ मीटर जातो असं निघालं. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. आपल्या एसटीपेक्षा जास्त, पण तारेतून धावणाऱ्या विजेच्या मानानं काहीच नाही. तेव्हा शरीरातली वीज घरातल्या विजेसारखी वाहत नाही, तिची रीत वेगळी आहे, एवढं लोकांना उमगलं.

आता स्वयंपाकघरात येऊ. मिलान शहराजवळ आब्बियातेग्रास्सो हे गाव. तिथे बरे न होणाऱ्या रोग्यांसाठी एक रुग्णालय होतं. कामिल्लो गोल्जी तिथला डॉक्टर. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातच आपलं सामान मांडलं आणि तिथे रात्री बसून तो मेंदूचे पातळ काप रंगवायचा. मेंदूचा काप भिंगाखाली धरला तर सगळा लगदाच दिसतो. कोणती पेशी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, काही कळत नाही. गोल्जीनं काय केलं, तर मेंदूचा तुकडा आधी एका क्षाराच्या पाण्यात ठेवला, मग चांदीच्या क्षाराच्या पाण्यात. शंभरात दोन-चारच पेशी काळ्याकुट्ट झाल्या, बाकीच्या पिवळट राहिल्या. सगळ्याच रंगल्या असत्या तर पुन्हा लगदाच दिसला असता. मोजक्या रंगल्या म्हणून त्यांचं खोड, मुळं, फांद्या, सगळं उमटलं. हे १८७३ सालचं.

तीच रीत वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालनं १८८८ पासून शेकडो चित्रं काढली. त्याला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, बापाला मुलगा डॉक्टर हवा होता. शेवटी दोघांचंही झालं म्हणायचं. गोल्जी म्हणे, मेंदू म्हणजे एकसलग जाळं आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखं. काहाल म्हणे, नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे. आमराईत फांद्या एकमेकींच्या अगदी जवळ येतात, पण एका झाडाची फांदी दुसऱ्याला चिकटून उगवत नाही, तसं. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक दिलं गेलं, आणि तिथल्या भाषणातही गोल्जीनं काहालचं म्हणणं खोडून काढलं. पुढे काहालच बरोबर ठरला. या सुट्या पेशींना शाळेच्या पुस्तकात चेतापेशी म्हणतात.

अशा पेशी डोक्यात किती? बरीच वर्षं सगळीकडे दहा हजार कोटी असं लिहिलेलं असायचं. हा आकडा आला कुठून, असं ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांना वाटलं. मग त्यांनी मेंदू साबणासारख्या द्रावणात विरघळवून त्याचं एकसारखं कालवण केलं. प्रत्येक पेशीला एकच केंद्र असतं. कालवणाचा थोडासा भाग घेऊन त्यातली केंद्रं मोजली आणि गुणाकार केला. शितावरून भाताची परीक्षा, ती ही अशी. २००९ साली त्यांनी माणसाच्या मेंदूचा आकडा दिला, सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. आम्हाला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग फार आवडतो. कारण त्याला पैशापेक्षा अक्कल जास्त लागली.

पण या पेशी बोलतात कशा? इथे कुकर आठवा. कुकरमध्ये वाफ कोंडत जाते आणि ठरावीक दाबाला शिट्टी होते. शिट्टी झाली तर झाली, नाही तर नाही. बारीक आचेवर लहान शिट्टी आणि मोठ्या आचेवर मोठी, असं होत नाही. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, इतकंच. म्हणून आपण शिट्ट्या मोजतो. डाळीला चार, हरभऱ्याला सहा.

चेतापेशीचं नेमकं असंच असतं. केंब्रिजच्या एडगर एड्रियननं १९२६ च्या सुमारास हे दाखवून दिलं. बेडकाच्या स्नायूला त्यानं वजनं टांगली आणि त्या स्नायूतून निघणाऱ्या एकाच बारीक तंतूतले निरोप टिपले. हलकं वजन असो की जड, प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा. जड वजनाला ठोके दाट पडत, हलक्याला विरळ. एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा टिकतो आणि त्याची वीज एका व्होल्टचा दहावा भाग. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो, त्यावरून अंदाज करा. डोळ्याला दिसलेला उजेड, हाताला लागलेला चटका, तान्ह्या बाळाचा वास, हे सगळं मेंदूत जातं ते असल्याच सारख्या ठोक्यांच्या रूपात. कोणत्या तंतूवरून आला आणि किती भराभर आला, यावरून मेंदू अर्थ लावतो.

एड्रियनला हे जमलं ते रेडिओमुळे, हे आपण रेडिओवाल्यांनी मुद्दाम सांगायला हवं. त्या काळच्या रेडिओत जे काचेचे व्हॉल्व्ह असत, त्यांनीच हा इवलासा ठोका हजारो पटींनी मोठा करता आला. पुढे तो ठोका लाउडस्पीकरवरही ऐकायचा. एकदा भेकाच्या डोळ्याच्या नसेला तारा जोडलेल्या होत्या आणि खोलीत जवळजवळ अंधार होता. स्पीकरमधून सारखी खरखर येऊ लागली. कुठून येतेय ते कळेना. मग लक्षात आलं, की आपण खोलीत फिरलो की आवाज होतो. भेकाचा डोळा एड्रियनलाच पाहत होता, आणि त्याची नस ते कळवत होती.

एका पेशीकडून दुसरीकडे निरोप कसा जातो? मध्ये तर फट आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवीला १९२१ साली रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. चिठ्ठीवर खरडून तो झोपला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा मात्र तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. पुन्हा बेडूकच. एका हृदयाची नस चेतवून त्याचे ठोके मंद केले, आणि त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसरंही मंद झालं. म्हणजे नस काहीतरी रस सोडते. मेंदूतल्या बहुतेक फटी अशाच रसायनांनी ओलांडल्या जातात. एकेका चेतापेशीवर अशा हजारो फटींतून निरोप येतात. काही म्हणतात बोल, काही म्हणतात गप्प बस. त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन पारडं एका हद्दीपलीकडे झुकलं, की त्या पेशीची शिट्टी होते. मेंदूचा विचार-विचार म्हणतात तो तळाशी असा आहे.

बेडूक, भेक, पुढे माकडं, यांचे जीव या ज्ञानापायी गेले. ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं आम्हाला बरं वाटत नाही.

माणसाच्या डोक्यातलं पहिल्यांदा ऐकलं ते जर्मनीतल्या येना शहराच्या हान्स बर्गरनं. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली. दूर राहणाऱ्या बहिणीला वाटलं होतं की भावाच्या जिवावर काहीतरी बेतलंय. आपला विचारच तिच्यापर्यंत गेला असणार, अशी बर्गरची खात्री झाली आणि तो शोधण्यात त्यानं उमर घातली. १९२४ साली त्यानं डोक्याच्या कातडीवरून मेंदूच्या विजेची लाट टिपली, १९२९ साली छापली. विचार काही सापडला नाही. पण डोळे मिटले की लाट एक रूप घेते, उघडले की दुसरं, हे सापडलं. आज फिट येणाऱ्या मुलाच्या डोक्याला तारा लावून ईईजी काढतात, तो बर्गरचाच.

ईईजी म्हणजे डोंगरावर उभं राहून खालच्या जत्रेचा गलका ऐकणं. जत्रा भरलीय की पांगलीय, कुठे चेंगराचेंगरी झालीय का, हे डोंगरावरून कळेल. कोणती बाई बांगडीवाल्याशी कशावरून घासाघीस करतेय, हे कळणार नाही. ते ऐकायचं तर जत्रेत उतरून तिच्या शेजारी उभं राहायला हवं. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

शेजारी उभं राहण्याचं काम १९६९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या एबरहार्ड फेट्झनं केलं. माकडाच्या मेंदूतल्या एकाच पेशीजवळ बारीक तार नेऊन तिचे ठोके त्यानं मीटरच्या काट्याला जोडले. ठोके वाढले, काटा पुढे सरकला, की माकडाला खाऊची गोळी. काही मिनिटांतच माकड ती पेशी हवी तेव्हा वाजवायला शिकलं. पुढे १९८० नंतर अपोस्टोलोस जॉर्जोपौलोस आणि त्यांच्या सोबत्यांना दिसलं, की हात हलवणाऱ्या भागातली प्रत्येक पेशी एका दिशेला जास्त वाजते. कुणी डावीकडे, कुणी वर. एकीवरून हात कुठे जाणार ते सांगता येत नाही, पण पुष्कळ जणींचे ठोके एकत्र केले की सांगता येतं. यात्रेतला रथ दोरांनी ओढताना प्रत्येक जण थोडा इकडे थोडा तिकडे ओढतो, पण रथ सगळ्यांच्या बेरजेनं जातो, तसंच हे.

आता माणसांकडे येऊ. २००४ साली अमेरिकेत, चाकूहल्ल्यात मानेखालचं सगळं अंग गेलेल्या २५ वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूत चण्याच्या डाळीएवढी चकती बसवली. तिला सुयांसारखी ९६ टोकं. हात हलवायचा मनापासून प्रयत्न केला की त्याचा पडद्यावरचा बाण सरकायचा. टीव्ही लावणं-बंद करणं त्याला जमू लागलं.

आणि मग कॅथी हचिन्सन. दोन मुलांची आई. १९९६ साली मेंदूच्या देठाशी झटका आला आणि हातपाय, वाचा, सगळं गेलं. समज पूर्ण शाबूत. नजर एकेका अक्षराकडे वळवून ती घरच्यांशी बोलायची. तिच्या मेंदूतही तशीच चकती बसवली होती. एप्रिल २०११ मध्ये यंत्राचा एक हात टेबलाला लावला, समोर कॉफीची बाटली. हात पुढे कर, पकड, उचल, असं ती मनात करत गेली आणि यंत्राचा हात करत गेला. बाटली तोंडापाशी आली, तिनं नळीनं कॉफी ओढली, आणि बाटली परत जागेवर ठेवली. सहा वेळा प्रयत्न केला, चार वेळा जमलं. जवळजवळ पंधरा वर्षांनी तिनं स्वतःच्या मर्जीनं काही उचललं होतं. त्या वेळचं तिचं हसू जगभर दाखवलं गेलं. आपल्या हातानं चहाचा कप उचलायला आपल्याला काय लागतं? पण पंधरा वर्षं दुसऱ्यानं पाजायचं म्हणजे काय, हे अंथरुणावरच्या माणसाची सेवा केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. आणि जी अंथरुणावर पडलीय, तिला तर नकोच.

हातानंतर वाचा. इथे आपली बाराखडी कामाला येते. आपल्या अक्षरांची मांडणीच तोंडातल्या जागांवरून केलेली आहे. क ख ग घशाकडून, च छ ज टाळूशी, ट ठ ड जीभ वळवून, त थ द दातांपाशी, प फ ब ओठांवर. म्हणून बघा बरं. मेंदूत बोलण्याचं काम करणारी जी पट्टी आहे, तिथेही ओठ, जीभ, जबडा, कंठ यांना हलवणाऱ्या पेशींच्या आपापल्या जागा आहेत. बोलायचा प्रयत्न केला की तिथे ठोके पडतात, मग आवाज निघो वा न निघो. यंत्र ते ठोके ऐकतं आणि म्हणतं, हे ओठ मिटायला निघालेत, म्हणजे प किंवा ब किंवा म असणार. पुढचं भाषेच्या अंदाजानं जुळवतं.

पॅट बेनेट यांना नसा झिजत जाण्याचा आजार होता, उच्चार समजेनासे झाले होते. २०२२ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या मेंदूत चार चकत्या बसवल्या. त्यानंतर सुमारे पंचवीस बैठका, प्रत्येक बैठक चार तासांची. पडद्यावरचं वाक्य म्हणायचा प्रयत्न करायचा, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. यंत्राला शिकवत होत्या त्या. शेवटी मिनिटाला ६२ शब्द उमटू लागले. साधारण चार शब्दांत एक चुकत होता, तरीसुद्धा.

अ‍ॅन नावाच्या दुसऱ्या बाई कॅनडात शाळेत गणित शिकवायच्या. २००५ साली तिसाव्या वर्षी झटका आला तेव्हा त्यांची मुलगी तेरा महिन्यांची होती. आईचा आवाज कसा असतो हे त्या लेकीला आठवणं शक्यच नव्हतं. अठरा वर्षांनी, २०२३ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी अ‍ॅन यांच्या मेंदूवर ठेवलेल्या कागदासारख्या पातळ पट्टीवरच्या २५३ टोकांतून त्यांचे शब्द ओळखून दाखवले, मिनिटाला ७८. आणि ते शब्द बोलायला जो आवाज बनवला, तो त्यांच्या लग्नातल्या भाषणाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून.

ही सगळी यंत्रं इंग्रजीत शिकलेली आहेत, आणि अजून प्रयोगांतच आहेत. डोक्याची कवटी उघडावी लागते, जंतुसंसर्गाची भीती असते, यंत्राजवळ माहितगार माणूस लागतो. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीनं पहिल्या माणसाला आपलं यंत्र बसवलं, त्याचे काही बारीक धागे नंतर मेंदूतून मागे सरकले. कुणी गावात येऊन अशा इलाजाचे पैसे मागू लागला, तर तो फसवतोय हे खुशाल समजा.

आणखी एक. ऑस्ट्रेलियात एका बाईला लहानपणापासून फिट यायच्या. २०१० साली एका प्रयोगात त्यांच्या मेंदूवर यंत्र बसवलं. ते फिट येण्याआधी इशारा द्यायचं. त्या बाई पहिल्यांदाच निर्धास्तपणे घराबाहेर पडू लागल्या. ते यंत्र म्हणजे मीच झालं होतं, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलंय. मग कंपनीचे पैसे संपले आणि यंत्र काढून घ्यायचं ठरलं. नवरा-बायकोनं घर गहाण टाकून ते विकत घ्यायची तयारी दाखवली, पण काही उपयोग झाला नाही. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांत ते काढून देणाऱ्या शेवटच्या त्याच. कर्जाची वस्तू हप्ता थकला म्हणून ओढून नेतात, ते आपण पाहिलंय. इथे तर हप्ताही थकलेला नव्हता. डोक्यात बसवलेली वस्तू कुणाच्या मालकीची, याचं उत्तर करारावर सही करतानाच मागायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

आता दुसरा प्रश्न. मनातलं वाचता येतं का?

२००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात खुनाचा खटला चालला. आरोपी तरुणीच्या डोक्यावर तारांची टोपी घालून चाचणी केली होती. डोळे मिटून गप्प बसायचं, आणि गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवली जातात, मी अमुक घेतलं, मी तमुक केलं. त्या वेळच्या लाटांवरून संगणक सांगतो म्हणे, की ही गोष्ट या बाईनं स्वतः अनुभवलेली आहे. इतर पुराव्यांबरोबर कोर्टानं तो अहवालही मानला आणि जन्मठेप दिली. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला. त्यांनी गुन्हा केला की नाही, हा आमचा विषय नाही. पण टोपी म्हणजे ईईजी, आणि ईईजी म्हणजे डोंगरावरून ऐकलेला गलका. पोलिसांनी दहादा विचारलेली गोष्ट अकराव्यांदा कानावर पडली, तर निरपराध बाईच्याही डोक्यात गलका उठेल. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकार संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीनंही ही चाचणी शास्त्रीय नाही असाच अभिप्राय दिला.

नंतर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं श्रीमती सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला. नार्को चाचणी, खोटं पकडण्याचं यंत्र, आणि मेंदूची ही चाचणी, यांपैकी काहीही कुणावर जबरदस्तीनं करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हा घटनेतला हक्क मेंदूतल्या साक्षीलाही लागू आहे. कुणी राजी झालं, तरी ती संमती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवायची, वकिलाची मदत द्यायची, आणि चाचणीचा निकाल हाच पुरावा म्हणून धरायचा नाही. पोलीस ठाण्यात अशा चाचणीची भीती घातली, तर या निकालाचं नाव सांगता येईल इतपत ते पाठ असू द्या. सेल्वी.

पॅट बेनेट किंवा अ‍ॅन यांचं यंत्र ऐकतं ते बोलायचा प्रयत्न, मनातले सुटे विचार त्याला ऐकू येत नाहीत, असं बरीच वर्षं सांगता येत होतं. २०२५ साली स्टॅनफर्डच्याच संशोधकांना आढळलं, की चकती आतच असेल तर मनातल्या मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात ओळखता येतात. लगेच त्यांनी त्यावर कुलूपही बनवलं. वापरणाऱ्यानं मनात एक ठरलेला परवलीचा शब्द म्हटला, तरच यंत्रानं ऐकायचं. कुलूप घालायची बुद्धी त्यांना झाली, हे चांगलंच. उद्या दुसरा कुणी कुलपाशिवाय यंत्र विकेल, तेव्हा काय, हे कायदे करणाऱ्यांना आपण आत्तापासून विचारायला हरकत नाही.

यंत्र आपल्या तालुक्यात येईल तेव्हा येईल. कॅथी हचिन्सन मात्र चकती बसण्याआधी वर्षानुवर्षं नजरेनं बोलत होती. फ्रान्सच्या जाँ-दोमिनिक बोबी या संपादकानं तर असाच झटका आल्यावर डाव्या डोळ्याच्या पापणीनं एकेक अक्षर सांगून अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९९७ साली छापून आलं. अशा रोग्याचं बाकी सारं अंग गेलं, तरी डोळा वर-खाली करणं आणि पापणी मिटणं बहुतेक वेळा शाबूत राहतं.

म्हणून ज्या घरात वारं गेलेलं आणि वाचा गेलेलं माणूस आहे, तिथे आधी हे करून बघा. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही, असं त्यांना सांगा. मग उत्तर तुम्हाला ठाऊक असलेले दहा प्रश्न विचारा. तुमचं माहेर अमुक गावचं ना? थोरल्याचं नाव हे ना? घाई करू नका, एकेका उत्तराला पुरता वेळ द्या, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी विचारा. उत्तरं जुळू लागली, तर कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तक्ता लिहा. वरच्या ओळीत रोजचे शब्द: पाणी, दुखतंय, कूस, पंखा, लघवी, नको. खाली स्वरांची ओळ, मग क ची, च ची, ट ची, त ची, प ची, शेवटी य र ल व श स ह ळ. आपण ओळीवर बोट ठेवून विचारायचं, ही ओळ? डोळे वर गेले की त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्या. प आणि ण आलं, तर पाणी हवंय हे आपल्याला कळतंच. एखाद-दोन आठवड्यांत दोघींचा हात बसतो. डॉक्टरांना हा तक्ता दाखवा आणि त्यांच्यासमोर एकदा वापरून दाखवा.

आणि हो, खाटेशेजारी बसून जमिनीच्या वाटणीचं बोलायचं असेल, तर एकदा त्यांनाही विचारा. प्रश्न हो-नाही असा करा म्हणजे झालं.

पुढच्या महिन्यात, याच वेळी. नमस्कार.